मागितलं की गप्प

पाचगणीच्या त्या निवासी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, म्हणून तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला तिथला वर्ग मिळाला. बाकं लहान पोरांची. मोठं माणूस बसलं की गुडघे वर अडकायचे आणि उठताना बाक अंगाबरोबर उठायचं. दीपमाला तिसऱ्या बाकात अशीच अडकून बसली होती.

साताऱ्यात एकट्या पडलेल्या बायकांचं एक वसतिगृह आहे, ‘ओसरी’ नावाचं. तिथं दीपमाला दहा वर्षं भाजी निवडण्यापासून कोर्टाच्या फेऱ्यांपर्यंत सगळं बघत आली. यंदा तिच्या गळ्यात नवं काम पडलं, देणग्या आणायचं. ओसरीची भाड्याची जागा मालकाला पावसाच्या आत परत हवी होती. एका भल्या माणसानं जमिनीचा मोकळा तुकडा दिला होता, पण त्यावर दोन खोल्या उभ्या राहिल्याशिवाय अकरा बायका जाणार कुठं?

शिकवायला अश्फाक सर होते. सांगलीचे. आधी वीस वर्षं ट्रॅक्टर विकलेले, आता संस्थांच्या माणसांना देणगी मागायला शिकवणारे.

“ट्रॅक्टर विकणं सोपं,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकाला निदान ट्रॅक्टर तरी मिळतो. तुमच्याकडून त्याला काय मिळणार? म्हणून मागणं नीट शिकायचं. लाजायचं नाही, रडायचं नाही. काय पाहिजे आणि कुणासाठी, एवढंच सांगायचं. आणि एकदा मागितलं, की...” त्यांनी ओठांवर कुलूप लावून किल्ली खिडकीबाहेर फेकल्यासारखं केलं. “गप्प. मग समोरचा विचार करतो. ती शांतता त्याची असते, ती चोरू नका. जो आधी बोलला, तो हरला.”

सरावाला दीपमालाची जोडी नाथाजींशी लागली. शिराळ्यात कर्णबधिर मुलांची शाळा चालवणारा हा गोल चेहऱ्याचा माणूस घसा खाकरून म्हणाला, “ताई, आमच्या पोरांना वीस श्रवणयंत्रं पाहिजेत.” आणि गप्प बसला. दोन श्वास झाले असतील नसतील. “वीस न्हाई तर दहा चालत्याल. न्हाई तर राहू द्या, ताई. चा तरी घ्या!”

वर्ग खदखदून हसला. “आवं सर,” नाथाजी कळवळून म्हणाले, “वर्सभर हातवारे करतो मी. हितं तरी बोलू द्या की!”

मग दीपमालाची पाळी. तिनं दोन खोल्या मागितल्या आणि ती गप्प बसली. खिडकीबाहेर सिल्व्हर ओकची पानं पालथी होत होती. कुणीतरी खोकलं. नाथाजींनी आधी चष्मा पुसला, मग कपाळ पुसलं, आणि शेवटी दोन्ही हात जोडले. “देतो बाई, देतो! पर अशा बघू नका.”

“कुठं शिकलात हे?” अश्फाक सरांनी विचारलं.

ती नुसती हसली. काय सांगणार? तिच्या घरी हे मुलींना पाळण्यातच शिकवत. फक्त तिथं आधीचं अर्धं, मागायचं, शिकवत नसत. तिचे वडील, सयाजीआबा, म्हणायचे, “हात पसरायचा न्हाई, पोरी.” आणि आई जाता-येता सांगायची, मागणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही. दिवाळीची साडी येते ती घ्यावी. आंबे आले तर गोड म्हणावं. न आलेल्या आंब्यांचं नाव काढू नये.

तिसऱ्या दिवशी सरांनी कागदावर एकात एक वर्तुळं काढायला लावली. “अगदी आतल्या वर्तुळात एकच नाव. ज्याच्याकडं मागितलं तर तो नाही म्हणणार नाही, असं माणूस. विचार करू नका, हाताला लिहू द्या.”

हातानं लिहिलं, ‘दादा’.

शेजारी ओसरीच्या प्रमुख अंकिताताई बसल्या होत्या. वयानं दीपमालापेक्षा लहान, पण सगळा भार अंगावर घेऊन सतत घाईत असलेल्या. त्या वाकून वाचून उजळल्या. “तुझा भाऊ? आष्ट्याचा, उसाच्या रोपांच्या नर्सरीवाला? अगं, मग घरचंच झालं की!”

सर समोरून सांगत होते, “आतल्या नावाकडं पंधरा दिवसांत जाऊन खरंच मागायचं. त्याशिवाय प्रमाणपत्र नाही.”

दीपमालानं नावावर तळवा ठेवला. पण वाचलेलं पुसलं जात नाही.

दादाकडं एक कागद तिची वाट बघत होता. आई आधीच गेली होती, आबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली होती, विश्वजीत आणि दीपमाला. तेव्हापासून दादाचा फोन यायचा, “एकदा येऊन सही करून जा की. हक्कसोड करायचीय.” तिच्या सगळ्या मावस-चुलत बहिणींनी केली होती. बहिणीनं लिहून द्यायचं, मला काही नको. त्याबदल्यात माहेरचं दार उघडं राहतं असं सगळे म्हणत. तिनं नाही म्हटलं नव्हतं आणि ती गेलीही नव्हती. कधी ओसरीतलं आजारपण, कधी नवऱ्याची सुट्टी. नवरा, जयराज, फौजेत होता, आसामात. फोनवर म्हणायचा, “तुझं माहेर हाय, तुझं तू बघ.” दोन वर्षं तिनं ते दार ना उघडलं ना लावलं. आता स्वतःच्याच हातानं नाव लिहून बसली होती. मागायला गेली तर सही आलीच. न जावं तर अकरा बायकांना काय सांगणार?

तिनं फोन लावला.

“ये की!” दादा म्हणाला. “कवापास्नं बोलवतोय. शुक्रवारीच ये.”

“संस्थेच्या खोल्यांचं बोलायचंय, दादा.”

“बोलू की. सगळंच बोलू.”

शुक्रवारी सकाळी ती निघाली तेव्हा मनुबाई ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. सत्तरी ओलांडलेली, वसतिगृहातली सगळ्यांत जुनी. हात चालू असले की तिचा गळाही चालू असायचा.

माहेराची वाट, वाट नव्हं गं ती दोरी
सैल सोडली तरी, गाठ तिची माझ्या उरी

“भावाकडं चाललीस म्हणं,” ती मान वर न करता म्हणाली. “माग गं. मी कवा मागितलं न्हाई. बघ, कुठं बसून खडे येचतीया.”

एसटी कऱ्हाड ओलांडून पेठ नाक्याला वळली तशी उसाची हिरवी भिंत दोन्ही बाजूंनी जवळ आली. एरवी ती हिरवाई बघून तिचा जीव हलका व्हायचा. आज वाटलं, या भिंतीतून मागं फिरायला वाटच नाही.

दादाच्या घरी सोफ्यावर आणखी एक माणूस बसला होता. “हे भाऊसो,” दादानं ओळख करून दिली. “कचेरीभाईर दस्त लिव्हत्यात. सहज आले व्हते.” भाऊसोंच्या मांडीवर फाईल होती आणि फाईलवर दीपमालाचं नाव, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.

वहिनीनं पाणी दिलं आणि ती आत गेली. दीपमालानं पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि शिकवलं होतं तसं सांगितलं. “दादा, ओसरीत अकरा बायका हायत. पावसाच्या आत त्यांना छप्पर पाहिजे. दोन खोल्या तू बांधून दे. मी तुझ्याकडं मागायला आलेय.”

आणि ती गप्प बसली.

पंखा फिरत होता. अंगणापलीकडं नर्सरीतल्या बाया ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरत होत्या, त्यांचं हसणं तुकड्यातुकड्यानं येत होतं. आत कुकरची शिट्टी झाली.

“दोन खोल्या?” दादा हसला. “गवंडी समजलीस व्हय मला?”

ती बघत राहिली.

“सिमीटाचा दर तरी ठाव हाय का तुला?” दुसरी शिट्टी झाली. “आगं, बोल की काहीतरी! अशी गप्प बसलीस की आईच बसल्यागत वाटतंय.”

तिच्या घशाशी आलं होतं, ‘राहू दे दादा, दोन नाही तर एक दे.’ नाथाजींचा कळवळलेला चेहरा आठवला. तिनं ते गिळलं.

दादा उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. “व्हय, व्हय. कळलं मला. आबा बोलले असत्याल तुला. विहिरीकडच्या पट्टीचं.”

तिची पापणीही हलली नाही, कारण तिला हलवता आली नाही.

“शेवटच्या दिसांत त्यांचं डोकं जाग्यावर नव्हतं, दीपे. म्हणायचे, विहिरीकडची पट्टी दीपीच्या नावावर कर. मी नुसतं ‘व्हय’ म्हणलं. मरणाऱ्या माणसाला न्हाई कोण म्हणतं? पर त्याला काय कागद हाय का?”

आबा तिला एका अक्षरानं बोलले नव्हते. विहिरीकडची पट्टी. तिथं बांधावर जांभळीचं झाड होतं. लहानपणी खाली पडलेली जांभळं ती परकराच्या ओच्यात भरायची, आणि आबा फांदी हलवून ‘मी न्हाई, वाऱ्यानं हलवली’ म्हणायचे. हात पसरू नको म्हणणाऱ्या माणसानं न मागता तिच्या हातावर काहीतरी ठेवलं होतं. ते वाटेत, याच खोलीत, दोन वर्षं अडकून पडलं होतं.

भाऊसो खाकरले. आपण काय बोलून बसलो ते दादाला तेव्हा उमगलं. तो एकदम मोकळं हसला. “बरं, जा! दिल्या खोल्या. दोनी दिल्या. आबांचं नाव घाल भिंतीवर. झालं समाधान? भाऊसो, काढा त्यो कागद. सही झाली की लगेच कचेरीत जाऊन नोंदवू. दोनी कामं एकाच दिशी.”

फाईल उघडली. पेन तिच्यापुढं आलं. दादा सोफ्याला टेकला आणि गप्प झाला. आता मागणारा तो होता, आणि त्याला पाचगणीला जावं लागलं नव्हतं.

अकरा बायका पेनाच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या. सर्वांत पुढं मनुबाई, ओच्यात तांदूळ घेऊन. सही केली तर त्यांच्या डोक्यावर छप्पर येत होतं, आणि माहेर जागच्या जागी राहत होतं. गेली असती ती फक्त जांभळीची सावली, आणि ती आपली होती हे तिला अर्ध्या घटकेपूर्वीपर्यंत ठाऊकही नव्हतं. तिनं पेनाकडं हात नेला. मग तो मागं घेतला.

“घोटभर पाणी पिऊन येते,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होती. “केली सही, वन्सं?”

“अजून न्हाई.”

वहिनीनं तव्यावरची भाकरी फुगू दिली. मग पाठमोरीच हलक्या आवाजात म्हणाली, “मी केली. तीन वर्सं झाली. आमच्या शिराळ्यात पंचमीला सगळ्या लेकी माहेरी येत्यात. झोके काय, गाणी काय, पाय ठेवायला जागा नसती. मला न्यायला गेल्या साली कोण आलं न्हाई. त्याच्या आदल्या सालीबी न्हाई. भाऊ फोनवर म्हणतोय, ‘लय गर्दी असती गं, कशाला दगदग करतीस.’” तिनं भाकरी उलटली. “ह्यांना सांगू नका मी बोलले म्हणून.”

“मग आता?” दीपमाला पुटपुटली. “खोल्या पाहिजेत, वहिनी. बायका वाट बघत्यात.”

“मला काय कळतंय त्यातलं.” वहिनीनं ताट पुढं ओढलं. “मला एवढंच कळतंय की खरकट्या हातात कोण पेन देत न्हाई. जेवायला बसा.”

दादा म्हणाला, “सही करून निवांत जेव की.” पण ताटं बाहेर आली होती, वांग्याच्या रश्श्याची वाफ निघत होती, आणि माहेरवाशिणीला ताटावरून कुणी उठवत नाही. भाऊसोंनाही बसावं लागलं. ते भराभर जेवले, हात धुऊन आले, फाईल परत मांडीवर घेऊन बसले.

दीपमाला जेवत होती. एकेक घास चावून, बाळाला भरवावा तसा स्वतःला भरवत. ताट रिकामं व्हायच्या आत वहिनी न विचारता अर्धी भाकरी टाकत होती. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

“ल्हान असताना येवढं जेवत नव्हतीस,” दादा म्हणाला. आवाजात चेष्टाही होती आणि मायाही. तेच तर अवघड होतं.

“तवा मागायची लाज वाटायची.”

तिच्या डाव्या हाताशी फोन उजळला. अंकिताताई. मग संदेश दिसला, ‘दादा हो म्हणाले का?’ हो म्हणाला होता. पण ते ‘हो’ कळवलं की साताऱ्यात अकरा जणी हसणार, आणि मग हा हात धुवावाच लागणार. फोन थरथरून थांबला. पुन्हा थरथरला. तिनं पालथा घातला.

भाऊसोंनी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. शेवटी फाईल मिटून उठले. “साडेतीनला दुसरा दस्त हाय, विश्वजीतराव. आता शनवार-रविवार कचेरी बंद. सोमवारी बघू.”

दादा त्यांना सोडायला बाहेर गेला. मोटरसायकलचा आवाज लांब गेला. मग फाटक ओढल्याचा आणि कडी लागल्याचा आवाज आला. आत येऊन तो तिच्यासमोर बसला, दमलेला. खोल्या दिल्या म्हणाला होता, ते आता त्याला मागंही घेता येत नव्हतं आणि पुढंही नेता येत नव्हतं.

“मग राहा की सोमवारपातूर,” तो म्हणाला. “माहेरीच तर हायस.”

उजव्या हाताच्या बोटांवर रस्सा वाळत आला होता. आता थोड्या वेळात तो पापुद्र्यासारखा सुटणार होता. सोमवारला तीन दिवस होते. तीन दिवस कुणाचा हात खरकटा राहत नाही. दारात वहिनी भाकरीचं टोपलं घेऊन उभी होती, आज पहिल्यांदा सरळ तिच्याकडं बघत.

या घरात दीपमालानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

“वहिनी,” ती म्हणाली, “अजून चतकोर वाढा.”

आणि मागून झाल्यावर ती गप्प बसली.