कन्हेरीच्या पंगतीचे मासे

रंगुबाईने भीमेच्या काठी माशांची पाटी डोक्यावर घेतली. तिच्यामागे ती पाटी तिची सून भामाबाईने वाहिली, भामाबाईमागे तिची सून बनाबाईने. आणि बनाबाईची सून ज्योत्स्ना त्या सकाळी पळसदेवला पाण्याच्या कडेशी उभ्या असलेल्या घरगाडीत गुडघे टेकून फ्रीजखालचा निळा जाळ विझवत होती.

"राहू द्या की पेटता, वहिनी," स्टिअरिंगवर बसलेला तिचा दीर विकी म्हणाला. "मोबाइलवर बघितलंय मी. परदेशात चालत्या गाडीतबी चालू ठेवत्यात."

"ठेवत असतील. आपली गाडी जुनी, आन् रस्ता आपल्या तालुक्याचा. उभ्या गाडीत जाळ, चालत्या गाडीत बंद."

"आन् मासं नासलं तर? पंचवीस किलो कटला हाय."

"कालपासून फ्रीज गार हाय. दार न्हाय उघडलं तर चार तास काय हुत न्हाय. नासलं तर तोंड माझं काळं हुईल, भाऊजी. तुमी गाडी बघा."

ही घरगाडी एका हॉटेलवाल्याने पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणली होती. हॉटेल बसले तेव्हा ज्योत्स्नाने ती घेतली, आतले पलंग उपटून टाकले आणि फ्रीज तेवढा ठेवला. तो गॅसवर चाले. खाली जाळ, वर गारवा. बर्फाच्या पाण्यात भिजून बेचव झालेला मासा तिला विकायचा नव्हता. आणि आजचा मासा तर विकायचाच नव्हता.

तीस वर्षांपूर्वी कन्हेरीच्या मानसिंगरावांनी आपल्या मुलाच्या, युवराजच्या जावळाला बनाबाईकडून मासे मागवले होते. वाटेत कोणी मासा मागितला तर नाही म्हणायचे नाही, ही रंगुबाईपासूनची रीत. बनाबाईने भर उन्हात सहा ठिकाणी बर्फाची पेटी उघडली. कन्हेरीत पोचली तेव्हा माशांना वास सुटला होता. मानसिंगराव तिला एक शब्दही वावगा बोलले नाहीत. स्वतः फावडे घेऊन गोठ्यामागे मासे पुरले आणि मांडवात येऊन सांगितले, की रात्री वारलेली आई स्वप्नात आली, मांसमच्छी नको म्हणाली. पाहुण्यांना पिठले-भाकरी वाढली गेली. खरे कारण बाहेर फुटले असते तर बारामतीच्या बाजारात बनाबाईची पाटी कोणी उतरवली नसती. ते फुटले नाही. पण पंचक्रोशीत मानसिंगरावांना 'पिठलेवाले' हे नाव मात्र पडले. बनाबाई मरताना सुनेला एवढेच म्हणाली होती, "कन्हेरीचं तेवढं राह्यलं बघ."

आज युवराजच्या लेकीचे, स्वरूपाचे जावळ होते. निरोप ज्योत्स्नाने आपण होऊन धाडला होता: मासे आमचे.

भिगवण मागे पडले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉलींनी पाडलेले चर होते; गाडी त्यांतून हिसके खात चालली होती. डिझेल भरायला विकीने पंपाकडे वळण्याचा दिवा दिला, आणि तेवढ्यात ज्योत्स्नाच्या नाकाला वास आला.

"भाऊजी, थांबवा."

"पंप शंभर पावलांवर हाय."

"हितंच थांबवा. किल्ली काढा आन् कशाला हात लावू नका."

ती उतरली. मागे जाऊन तिने आधी सिलिंडर बंद केला, मग गाडीची दोन्ही दारे सताड उघडली. फ्रीजखाली जाळ नव्हता. गॅसची कळ मात्र उघडी होती.

विकी खाली मान घालून आला. "तुमी होडीवाल्याला पाटी द्यायला गेला तवा पेटवला हुता. वाऱ्यानं इझला असंल. मासं नासू नये म्हणून केलं, वहिनी."

"ठावं हाय कशासाठी केलं ते. असंच गॅस सोडत गेलो असतो पंपात, तर जावळाच्या दिवशी आपलं दहावं मोजलं असतं. घ्या ते पोतं. गॅस खाली बसतो, जमिनीलगत वारा घाला."

उन्हात उभे राहून दोघे पोत्यांनी वारा घालत राहिले. अर्धा तास गेला. वास गेला तरी ज्योत्स्ना आणखी पाव तास थांबली. विकीचा हात फ्रीजच्या दाराकडे गेला.

"एकदा बघू तरी. हायत का गेलं, ते कळंल."

"उघडलं की जात्यात." ती दाराला पाठ लावून बसली.

तेवढ्यात रस्त्याने जाणारी सिंधुबाई, त्या भागातली जुनी गिऱ्हाईक, गाडी ओळखून डोकावली. "बरी गावलीस. एक कटला दे गं, घरी जावई आल्यात."

"आज न्हाय, मावशी."

"रंगुबाईच्या घरात न्हाय म्हणायची रीत नव्हती."

"व्हय. म्हणून आज मी म्हणती."

सिंधुबाई नाक मुरडून, "गाडीवाली झाली आता," असे पुटपुटत निघून गेली. ज्योत्स्नाने गाडीची दारे लावून घेतली.

कन्हेरीत पोचायला पावणेबारा झाले. ऐंशीच्या घरातले मानसिंगराव, आता साऱ्यांचे आबा, काठी टेकत गाडीपाशी आले. ज्योत्स्नाने फ्रीजचे दार उघडले आणि बाजूला झाली. वरचा मासा त्यांनी स्वतः उचलला, हातावर आडवा धरला. तो ताठ राहिला. कल्ला उचलून पाहिला, आत लालभडक.

"न्या चुलीवर," ते घरातल्या बायकांना म्हणाले. युवराजचा हात खिशाकडे गेलेला पाहून ज्योत्स्नाने मान हलवली, तसा तो हात तिथेच राहिला.

पंगत बसली. कालवणाचा तवंग, तळलेल्या तुकड्या, ज्वारीच्या भाकरी. मानसिंगरावांचे मेहुणे नाना पहिल्याच घासाला हसले. "काय दाजी, आज आई न्हाय आली व्हय सपनात?"

सगळी पंगत हसली. तीस वर्षांची जुनी गंमत होती ती. मानसिंगरावही सवयीने हसले.

ज्योत्स्नाने हातातले पातेले खाली ठेवले. "नाना, आई तवाबी आल्या नव्हत्या. माझ्या सासूचं मासं नासलं हुतं. आबांनी ते गोठ्यामागं पुरलं, आन् आमची पाटी बसू नये म्हणून पिठलं स्वतःच्या नावावर घेतलं."

घास हातातच राहिले. विकी दाराशी उभा होता, तो आत सरकला.

"कशाला बोललीस, पोरी?" मानसिंगराव हलक्या आवाजात म्हणाले. "झाकल्यालं हुतं."

"नुसतं मासं देऊन अर्धंच फिटलं असतं, आबा."

नानांनी ताटातल्या कालवणाकडे पाहिले, मग दाजींकडे. "इतकी वरसं मी तुमाला हसलो की हो."

"हसलास. आन् तवाबी दोन येळा पिठलं मागून घेतलं हुतंस."

कोणीतरी खुदकन हसले, आणि पंगतीचे हात पुन्हा चालू झाले. मानसिंगरावांनी आपले ताट ज्योत्स्नापुढे धरले. "वाढ. शेपटीकडचा वाढ."

तिने वाढले. ते सावकाश जेवले, एकेक काटा वेगळा काढून ताटाच्या कडेला ठेवत. थोरला उठल्याशिवाय पंगत उठत नाही. बाकीच्यांचे केव्हाच झाले होते, तरी कोणी हलले नाही. शेवटी त्यांनी ताट बोटाने पुसून घेतले, तांब्यातले पाणी हातावर ओतून घेतले आणि म्हणाले, "फिटलं बनाबाईचं." मग ते उठले, आणि त्यांच्यामागे सारी पंगत उठली.