काचेचा टवका

गल्लीच्या टोकाला नवी बेकरी निघाली होती. एक खोली, एक भट्टी आणि सगळं एकहाती सांभाळणारी बाई. चव तरी बघू, म्हणून शनिवारी दुपारी मी सहा कपकेक आणले. माझ्या पाच वर्षांच्या चिमीनं वरचं क्रीम चाटत एक संपवला, एक मी खाल्ला. सासऱ्यांनी दोन घासांत एक फस्त केला.

"सूनबाई, हे काय नुसतं दाढेखाली ठेवायला आणलंस?"

तेवढ्यात कुणीतरी दार बडवलं. बेकरीवाली होती. धापा टाकत होती, कोपरापर्यंत पीठ, बोटाला चिंधी.

"खाल्लेत का?"

"हो. का?"

"माझ्या काचेच्या भांड्याचा टवका उडालाय. नखाएवढा. त्यातच मिश्रण फेटलं होतं. आत्ता घासताना बोट कापलं, तेव्हा कळलं."

चिमीला ओढून मी तिच्या तोंडात बॅटरी मारली. काहीच दिसेना.

"पोटात दुखतंय का गं?"

"हो," ती रडायलाच लागली. खरंच दुखत होतं, की मी घाबरून विचारलं म्हणून?

सासरे गळ्यावर हात ठेवून उभे होते. "मला काहीतरी टोचलं होतं," ते हळूच म्हणाले. "वाटलं, साखर असेल."

बेकरीवालीनं खाली बसून उरलेले तीन कपकेक कुस्करले. बोटांनी चुरा न् चुरा चाचपला. काही नाही.

"तुम्ही दवाखाना गाठा. अजून चार घरी सांगायचं राहिलंय," म्हणत ती धावत सुटली.

आम्हा तिघांचेही एक्स-रे काढले. बाकावर वाट बघताना चिमी माझ्या मांडीवर मुसमुसत होती. तिनं कूस बदलली तरी माझा जीव वरखाली व्हायचा. मध्येच सतत थट्टा करणाऱ्या सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला. लग्नाला आठ वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. त्यांचा तळवा गारठला होता.

डॉक्टर बाहेर आल्या. "कुणाच्याच पोटात काच दिसत नाही. तरी दोन दिवस लक्ष ठेवा. पोट दुखलं, रक्त दिसलं, तर लगेच या."

लक्ष ठेवा म्हणजे भीती घरीच घेऊन जायची होती.

घरी परतलो तर फाटकापाशी बेकरीवाली उभी होती. तिनं रुमाल उलगडला. आत काचेचा तुकडा होता.

"शेवटच्या घरी सापडला. तिथल्या मास्तरांनी घास घेतला आणि लगेच थुंकला. ओठ जरासा कापलाय, बाकी ठीक आहेत. भांड्याला लावून पाहिला, बरोब्बर बसला."

वाटेत तिला काय काय सुनवायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं. पण तिच्या हातांवरचं पीठ अजून तसंच होतं.

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलंही नसतं," मी म्हणाले.

"मला कळलं होतं ना," ती म्हणाली आणि फाटकाशीच मटकन खाली बसली.

सासरे तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. मी कडेवरच्या चिमीला खाली उतरवलं आणि बेकरीवालीशेजारी बसले.