अकरा दिवसांची तळटीप

आमच्या घरात मॅडम दोन. विद्यापीठात मुलं म्हणतात म्हणून मी, आणि घरात सगळ्यांच्या चुका काढते म्हणून माझी लेक. मार्चमध्ये तिला अठरा पूर्ण झाली. केक तिने पट्टी लावल्यासारखा सारखे तुकडे करून कापला आणि आठवड्याभरात सरकारचं पत्र येऊन पडलं. आईवडिलांच्या कागदपत्रांवर तुम्हाला यापुढे इथे राहता येणार नाही, स्वतःचा हक्क सिद्ध करा.

आम्ही या देशात आलो तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिचा पहिला दात इथे पडला, सायकल इथे शिकली, आमच्याशी भांडायलाही ती इथेच शिकली. पण निवडणुकीनंतर नवा नियम आला. लहानपणी इथे आलेलं मूल सलग एकशे ऐंशी दिवसांहून जास्त बाहेर राहिलं असेल, तर त्याचा इथला हक्क संपला. मंत्रीमहोदय टीव्हीवर हसत हसत म्हणाले, आम्ही कुणाच्या विरोधात नाही, आम्ही फक्त नीट मोजतोय.

मोजणं हा तर माझाच विषय. लोकसंख्या कशी मोजतात, हे मी वीस वर्षं शिकवते आहे. पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिते की प्रत्येक मोजणीआधी कुणीतरी ठरवलेलं असतं, कुणाला मोजायचं नाही. मुलं ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेला हमखास येतं ना.

आता माझा शहाणपणा सांगते. लेक सात वर्षांची असताना मला अभ्यासरजा मिळाली. तिला घेऊन मी माझ्या वडिलांकडे गेले. परतायच्या आठवड्यातच ते अंथरुणाला खिळले, मी तिकिटं पुढे ढकलली. ते गेले आणि दोन दिवसांनी आम्ही निघालो. आल्यावर तिच्या इथे राहण्याच्या परवान्याचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता, मूल सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर होतं का? कुणीही शहाण्या माणसाने ‘नाही’वर खूण करून पुढचं पान उलटलं असतं. तेव्हा त्या उत्तराला कुणी विचारतही नव्हतं. मी ‘हो’वर खूण केली, शेजारी तळटीपेची फुली काढली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: एकूण एकशे एक्क्याण्णव दिवस, शेवटचे अकरा वडिलांच्या आजारपणामुळे. नवरा म्हणाला, अगं, फॉर्म आहे हा, प्रबंध नाही. मी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा चहा करायला निघून गेला.

अकरा वर्षं ती तळटीप कुठल्यातरी फायलीत गप्प पडून होती.

वकीलबाईंनी सगळे कागद दोनदा चाळले. जुने पासपोर्ट आम्ही नवे घेताना जमा केलेले, विमान कंपनीकडे इतक्या जुन्या नोंदी नाहीत. म्हणजे त्या अकरा दिवसांचा पुरावा एकच, माझं अक्षर. त्यांनी वाट सुचवली. सांगायचं की मोजताना चूक झाली. तुम्ही वेळेत परत आला होतात, वडील त्यानंतर गेले, बातमी फोनवर कळली, आणि दुःखाच्या भरात तुम्ही तेही दिवस धरलेत. दुःखात माणसाचं गणित चुकतं, हे अधिकाऱ्यालाही पटतं. लेकीला यातलं काही सांगू नका, सात वर्षांच्या मुलीला काय आठवणार, तिला कुणी विचारणारही नाही.

मी म्हटलं, बघते. घरी आल्यावर नवरा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. तो म्हणाला, "आजवर खरं बोललीस ते तुझ्यासाठी बोललीस. एकदा खोटं बोल, तिच्यासाठी."

मग मी तयारी केली. विद्यापीठात गाडी लावली की इंजिन बंद करून ती तीन वाक्यं म्हणायची आणि मग वर्गावर जायचं. आम्ही वेळेत परत आलो. वडील नंतर गेले. मला फोन आला. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सफाईने यायला लागली, आणि मला स्वतःचीच किळस आली. तरी म्हणत राहिले. माझी लेक माझ्यापासून तोडली जाऊ नये, यापलीकडे मला दुसरं काही नको होतं.

सुनावणीची खोली आमच्या विभागाच्या बैठकीच्या खोलीसारखीच निघाली. लांब टेबल, पाण्याचा जग, आणि हिशेबाने एक खुर्ची कमी. अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. माणूस वाईट नव्हता. त्याने लेकीला स्वतः खुर्ची आणून दिली, तिच्या परीक्षेची चौकशी केली, आणि मग ती तळटीप माझ्यापुढे सरकवून विचारलं की हे काय आहे.

मी बोलले. वेळेत परत आलो, वडील नंतर गेले. वाक्यं नीट आली. तो मान हलवत लिहून घेत होता, आणि वकीलबाईंचे खांदे सैल झालेले मला दिसले. वडील गेले तेव्हा तुम्ही इथे होतात तर, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, मला फोन आला.

माझ्या दंडावर लेकीचा हात आला. ती माझ्याकडे वळून, आमच्या घरच्या भाषेत, अगदी हळू म्हणाली, "आई, आपण होतो तिथे. मी चमच्याने पाणी देत होते आणि तू आजोबांचा हात धरला होतास."

तिला वाटलं, मी विसरले. माझं बोलणं तिला खोटं वाटलंच नव्हतं. आई दुःखाने विसरली, असं समजून ती माझी समजूत घालत होती. आई खोटं बोलू शकते हे तिच्या मनातही आलं नाही, आणि ते येऊ नये अशी व्यवस्था मीच अठरा वर्षं केली होती.

अधिकाऱ्याने लिहिणं थांबवलं. मुलगी काय म्हणाली, ते त्याने मला विचारलं. त्या खोलीत आमची भाषा कळणारं तिसरं माणूस नव्हतं. तिला तहान लागली आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. जग समोरच होता. वकीलबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. पण लेकीचा हात अजून माझ्या दंडावर होता आणि माझ्या दुसऱ्या हाताला वडिलांची हाडकुळी बोटं जाणवत होती. त्यांना तिथे एकटं टाकून मला येता येईना. ती जे म्हणाली ते मी सांगितलं, शब्दन् शब्द, चमच्यासकट.

त्याने रुमालाने नाक पुसलं, खरं सांगितल्याबद्दल माझे आभार मानले आणि तारीख लिहिली. लेकीने तीस दिवसांच्या आत देश सोडायचा. आम्ही दोघं राहू शकत होतो.

वकीलबाई अपिलाचं काहीतरी बोलत जिना उतरून गेल्या. नवरा फाटकाबाहेर गाडीत बसून होता, त्याला अजून काही माहीत नव्हतं. आम्ही दोघी पायऱ्यांवर उभ्या राहिलो. मी तिला सगळं सांगितलं, फॉर्मचं, तळटीपेचं, गाडीत घोकलेल्या वाक्यांचं. तिने मधे एकदाही माझी चूक काढली नाही.

मग म्हणाली, "मी ते तुला सांगितलं होतं, आई. त्यांना नव्हतं सांगितलं."

आणि गाडीतल्या तिच्या बाबांना सांगायला ती माझ्याआधी खाली गेली.