दोघींचं ‘खवट’

आमचं काम किळसवाणं आहे, आणि ते मी अकरा वर्षं करतेय. दुधाच्या पावडरीचा कारखाना. तयार मालातली चमचाभर पावडर कोमट पाण्यात कालवायची, कप नाकाशी धरायचा, घोट तोंडात घोळवायचा, बेसिनमध्ये थुंकायचा आणि सांगायचं, ठीक की खवट. पाच स्टुलं, पाच जिभा. सांगायचं मोठ्याने आणि नोकरीच्या क्रमाने, आधी साहेब, शेवटी नवी. हा क्रम कुठल्या शहाण्याने लावला देव जाणे! दोघांनी खवट म्हटलं तर माल अडतो आणि प्रयोगशाळेत जातो. एकट्याचं खवट कुणी धरत नाही.

आणि आमच्या साहेबांचं नाकच गेलंय. महिन्यापूर्वी तापातून उठून आले, तेव्हा कपाटामागे उंदीर मरून सडला होता. आम्ही नाकं दाबून ओकाऱ्या देतोय आणि हे गृहस्थ कपाटाला टेकून चहा पीत विचारतात, “काय झालं?” तेव्हाच सगळ्यांना कळलं. पण बोललं कोण? कुण्णी नाही. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना चालतंय ना, मग मी कशाला वाईट होऊ?

गुरुवारी मी कप नाकाशी नेला. शिळ्या तेलाचा, आंबलेल्या फडक्याचा वास. शी! आणि तो माल तान्ह्या बाळांच्या डब्यांचा होता. साहेब म्हणाले, “ठीक.” दुसरे, चष्मेवाले, म्हणाले, “ठीक.” तिसरी गोडबोली, ती तर लाडात येऊन म्हणाली, “छानच आहे की!” माझी पाळी आली. जिभेवर तो घाणेरडा तवंग असतानाच मी म्हणाले, “ठीक.”

नवी म्हणाली, “खवट.”

तिचे उमेदवारीचे सहा महिने दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी भरत होते. पक्की होणार की घरी जाणार, ते साहेबांच्या सहीवर होतं. घरात कमावणारी ती एकटी, वडील अंथरुणाला खिळलेले. साहेब म्हणाले, “पुन्हा घ्या.” तिने घेतला. “खवट.” “पुन्हा.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवाले भिंतीकडे बघत होते. मी मिठाची गुळणी धरून बसले होते. तिसऱ्या घोटाला ती म्हणाली, “ठीक असेल.”

“अजून नाक तयार नाही तुमचं,” साहेब म्हणाले. “उद्या बघू.”

जिन्यात गोडबोली म्हणाली, “आगाऊच आहे ती, पहिल्यापासून.” आणि मी, निर्लज्ज, मान डोलावली.

संध्याकाळी मी भांडी घासत होते आणि मुलगी ओट्याला टेकून परीक्षेचं घोकत होती. सामाजिक मानसशास्त्र. एका प्रयोगाचं वाचत होती. कुठली रेघ नमुन्याएवढी आहे, ते एकेकाने सांगायचं, आणि बाकीची माणसं आधीच ठरवून चुकीचं उत्तर देतात. शेवटच्याला रेघ आखूड दिसत असते, तरी तो पुष्कळदा त्यांचंच उत्तर देतो.

“बावळट आहे का तो?” मी म्हणाले.

“नाही गं आई. तुझ्या-माझ्यासारखाच.”

मी पातेलं जोरात आपटलं. ती आपली घोकतच होती. माणूस चुकला की आपण खापर त्याच्या स्वभावावर फोडतो, त्याच्यावरचा दाब बघत नाही. म्हणजे जिन्यातली गोडबोली, आणि तिच्याबरोबर मी. मनाला न पटणारं वागलो की मग हळूहळू मतच वाकवतो. तेही माझंच, कारण दुपारपासून मी स्वतःला समजावत होते की वास तसा थोडाच होता. थोडाच कसला? अजून घशाशी येत होता!

“घाणेरडा विषय आहे तुझा,” मी म्हणाले.

“विषय नाही गं, माणसं घाणेरडी. पण हे ऐक ना, एकाने जरी खरं उत्तर दिलं ना, तर त्या शेवटच्याला धीर येतो. मग तोही बहुतेक वेळा खरं बोलतो.”

मी नळ बंद केला. एकच जण लागत होता, आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर मी बसले होते. मला माझीच शिसारी आली. ठरवलं, उद्या बोलायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

शुक्रवारी त्याच साठ्यातला पुढचा माल आला. वास कालच्याहून उग्र. साहेब, “ठीक.” चष्मेवाले, “ठीक.” गोडबोली, “ठीक.”

“खवट,” मी म्हणाले. “काल पण खवट होतं. मी खोटं बोलले.”

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मी नवीकडे बघितलं. बोल बाई, आता आपण दोघी आहोत, आता माल अडतो.

तिने कप नाकाशी नेला. तिचं नाक आक्रसलं, मला दिसलं. तिने घोट घोळवला, थुंकला आणि साहेबांकडे बघून म्हणाली, “ठीक.”

“तयार झालं हं तुमचं नाक,” साहेब म्हणाले आणि तिच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. माल डब्यांत भरायला गेला.

बेसिनपाशी ती चुळा भरत होती. पाच-सहा भरल्या तरी तिचं थांबेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. “तुला वास आला नाही?” मी विचारलं.

“आला ना, ताई,” ती म्हणाली. “काल तुम्हाला आला होता तसाच.”