न बांधलेली फीत

मी एक फीत. रेशमी, दीड हात लांब, निम्मी जांभळी, निम्मी पांढरी. ज्या कामासाठी मला शिवलं ते माझ्या हातून कधी झालंच नाही. तरी जन्म फुकट गेला असं मी म्हणणार नाही.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या इन्व्हरस्केल गावच्या फुटबॉल संघाचे कपडे एफी धुवायची आणि तिचा नवरा वॉटी मैदानाचं गवत राखायचा. त्या हंगामात संघाने लीग कपमधून ऑगस्टमध्येच गाशा गुंडाळला. साखळीत नोव्हेंबरपासून तळ गाठला, तो सोडला नाही. पण स्कॉटिश कप आला की या पोरांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. फेब्रुवारीत मैदानावर वीतभर बर्फ होतं. सारं गाव फावडी घेऊन आलं, दुपारपर्यंत रेषा मोकळ्या केल्या आणि बर्फात दिसावा म्हणून केशरी चेंडूने खेळून आपण जिंकलो. असं करत करत संघ चक्क अंतिम सामन्यात पोहोचला.

अंतिम सामन्याला दोन्ही संघांच्या रंगांच्या फिती तयार ठेवतात. जिंकणाऱ्याची फीत चषकाच्या कानांना बांधतात, दुसरी गुपचूप घडी होऊन परत जाते. आमची फीत, म्हणजे मी, एफीच्या स्वयंपाकघरात तयार झाले. आणि तिथेच तिच्या हातून चूक झाली. माझ्या पांढऱ्या अंगावर तिने जांभळ्या दोऱ्याने त्या वर्षाचे चार आकडे भरले.

हे मासेमारांचं गाव. होडी धक्क्याला लागेपर्यंत इथे कोणी मासळीचं नाव काढत नाही; मग जिंकण्याआधीच फितीवर वर्ष घालणं म्हणजे अपशकुनच. एफीचा धाकटा दीर डोड मला बघून दारातच थबकला.

"वहिनी, वर्ष घातलंत? नुसती रंगाची असती तर पुढच्या वेळी तरी कामाला आली असती."

"पुढची वेळ कधी, डोड? मागची येऊन पन्नास वर्षं झाली."

दोन दिवसांत गावभर झालं. कोणी भांडलं नाही, पण एफी दुकानात शिरली की बायका हवेबद्दल बोलायला लागायच्या.

साखळीच्या शेवटच्या शनिवारी संघ खालच्या श्रेणीत घसरला. पुढच्या शनिवारी हॅम्पडनच्या मोठ्या मैदानावर अंतिम सामना होता. जादा वेळेत एका गोलने आपण हरलो. चषकाला दुसरी फीत बांधलेली मी लांबून पाहिली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? एका गृहस्थांनी माझी घडी करून मला एफीच्या हातात दिलं.

परतीच्या बसमध्ये तिने पर्समधून छोटी कात्री काढली आणि माझा शेवटचा आकडा उसवायला घेतला.

"माझ्यामुळे झालं, वॉटी. सगळं गाव सांगत होतं."

"गोल तुझ्या सुईने खाल्ला का? आपल्या गोलकीपरने खाल्ला."

"आणि त्याला काही वहिनींनी शिवलं नव्हतं," मागच्या बाकावरून डोड म्हणाला.

एफी हसली नाही. तीन टाके निघाले होते. वॉटीने तिचा हात धरला.

"राहू दे गं. आपण जिंकलो असं कुठे लिहिलंय त्यावर? वर्षच लिहिलंय ना? ते तर आलंच की आपल्या वाट्याला."

एफीने कात्री पर्समध्ये ठेवली. मग खिडकीकडे तोंड करून ती बराच वेळ रडली, आणि मी तिच्या मुठीत होते.

पुढे एक गंमत झाली. चषक जिंकणारे साखळीतही पहिले आले होते, त्यांना युरोपात वेगळी जागा होती. म्हणून चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेतली जागा उपविजेत्यांना, म्हणजे आम्हाला मिळाली. घसरलेला संघ युरोपात खेळायला निघाला. ऑस्ट्रियात चार गोल खाल्ले, घरी एक-एक बरोबरी केली आणि तेवढ्यावर गाव आठवडाभर उड्या मारत होतं. त्या सामन्याला एफीने मला मैदानावरच्या चहाच्या बंबाच्या कानाला बांधलं. तेव्हापासून मी इथेच आहे. जांभळ्याचा राखाडी झालाय आणि वाफेने कडा आक्रसल्यात.

वॉटी गेला त्याला नऊ वर्षं झाली. डोड आता काठी टेकत येतो आणि मटणाचं पॅटिस थंड मिळालं म्हणून कुरकुरतो. इतक्या वर्षांनी यंदा संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचलाय. आता संघाचे कपडे धुणारी आयल्सा परवा नवी फीत घेऊन इथे बंबापाशी बसलेल्या एफीकडे आली.

"मावशी, सगळे म्हणतात वर्ष घालू नकोस. तुम्ही सांगा."

एफीची नजर आता अधू झालीय. तिने चाचपत माझा शेवटचा आकडा शोधला, जिथे तीन टाके नाहीत तिथे बोट ठेवलं.

"घाल," ती म्हणाली. "ठसठशीत घाल. आणि कात्री घरी ठेवून जा."

उद्या सामना आहे. माझ्या नव्या बहिणीला चषकाचे कान लाभोत, एवढंच मागते. नाहीच लाभले, तर तिला इथे आणा. बंबाचा दुसरा कान मोकळाच आहे.