पायावरची टोपली

मिनलच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. मिनल माझ्या पुतण्याची, संघर्षची बायको. मी फोन उचलत नाही हे ठाऊक असल्यानं तिनं वाकडहून, माहेरून, पत्रच लिहिलं होतं.

'काका, जय भीम. संघर्षच्या पायाचा अंगठा सारखा सुजतो. चाकणच्या कंपनीत सेफ्टी शू घालवत नाही. तिथं म्हणतात, कमी पीत जा राव. तो म्हणतो, थेंबही घेत नाही. डॉक्टर विचारतात, घरात आधी कुणाला होतं का? तुम्ही सांगाल त्यावर मी परत जायचं की नाही ते ठरवीन.'

माझ्या शब्दावर कुणाचा संसार ठरावा, एवढा माझा स्वतःवरच विश्वास नाही. पत्र पुस्तकात खूण म्हणून राहिलं.

होतं. माझ्या वडिलांना. दापोडीच्या खोलीत ते पाय उशीवर ठेवून पडलेले असत. चादरीचा भारही अंगठ्याला सोसत नसे, म्हणून पायावर भाकरीची टोपली पालथी आणि तिच्यावर चादर. मागून रेल्वे गेली की जमीन हादरायची, आणि भांडी वाजायच्या आधी त्यांचं कण्हणं ऐकू यायचं.

"भाकरी कशात ठेवू? तुमच्या बाटलीत?" आई म्हणायची.

"एक तरी बाटली दाखव."

ती कधी दाखवू शकली नाही, पण मरेपर्यंत तिनं आपलं म्हणणं सोडलं नाही. आता मी तिला खोटं पाडू?

गेल्या आठवड्यात, चिखलीच्या घरी, दुपारी ठणक्यानं जाग आली. पायाकडे पाहिलं. पाय वडिलांचा होता. तसाच लालबुंद, चकाकणारा अंगठा. भिंत धरत स्वयंपाकघरात गेलो, टोपली आणली, पायावर पालथी घातली, चादर ओढली. आपण काय केलं ते नंतर कळलं. खालून ट्रक गेला आणि तेच कण्हणं ऐकू आलं. खोलीत मी एकटा होतो.

"आजोबा, पार्टी जोरात झाली वाटतं," डॉक्टर म्हणाले.

"मी चहाशिवाय काही घेत नाही."

रक्त तपासल्यावर ते हसले नाहीत. "युरिक अ‍ॅसिड वाढलंय. काहींची मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत. हा कल आईबापांकडून येऊ शकतो. दारूनं त्रास वाढतो, पण दारूशिवायही होतो."

"म्हणजे माझे वडील..."

"त्यांना आता कसं तपासू?"

घरी आलो तर टोपली पलंगावर तशीच होती, चादर तिच्यावर उंच. खाली कुणाचा तरी पाय असावा तशी. मी ती उचलली नाही. कडेला बसून लिहिलं.

'मिनल, जय भीम. तुझ्या आजेसासऱ्यांना असंच होत असे. मला झालं आहे, आणि मी कधी प्यालो नाही. संघर्ष पितो की नाही, ते मला माहीत नाही. पण नुसत्या अंगठ्यावरून त्याला दारुडा ठरवू नकोस. रक्त तपासून घ्या. दुखेल तेव्हा चादरीखाली टोपली ठेव, बरं वाटतं.'

पोस्टाच्या पेटीपर्यंत कुणीतरी तसंच कण्हत, पाय ओढत मागून येत होतं. मी थांबलो की थांबत होतं. पाकीट आत पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.