गजभिये लेमा

"अहो, चौथ्यांदा फोन उचलून खाली ठेवताय. लावा तरी, नाहीतर सोडा," प्रभावती म्हणाली.

वाल्मीक गजभियेने फोन पालथा ठेवला. दिल्लीत द्वारकेच्या फ्लॅटमध्ये सकाळचे आठ वाजले होते. अकरा वाजता त्याची विद्यार्थिनी रसिका पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला उभी राहणार होती. तिच्या प्रबंधाचा मुख्य भाग ज्या लेमावर, म्हणजे ज्या छोट्या सिद्धान्तावर उभा होता, तो चुकीचा होता. लेमा त्याचा स्वतःचा होता. काल तिच्यासाठी एक सोपं उदाहरण शोधायला बसला आणि नको ते, लेमा खोटा पाडणारं उदाहरण सापडलं. तेच तिला फोनवर सांगायचं होतं.

डोळ्यांना न दिसणाऱ्या मोठाल्या आकारांची प्रतवारी लावणं हे त्याचं काम. अख्खा आकार हाती लागत नाही. मग एका वक्ररेषेवर ओळीने धागे उभे आहेत असं धरून तो उलगडायचा. रेषा कळली, धागा कळला, की कापड कळलं. नागपूरला वडील मागावर बसायचे, म्हणून त्याला हे चटकन उमगलं होतं. वडील मात्र कापड उजेडात धरून धागा न् धागा बघत. मुलाने बारा वर्षांपूर्वी चांगले धागे तपासले आणि उरलेल्या चारपाच धाग्यांपुढे 'हे उघडच आहे' असं लिहून टाकलं. ते दुपदरी निघाले, तर तेवढ्यानेच कापडाची प्रत बदलते. 'उघडच आहे' या दोन शब्दांनी गणितात भल्याभल्यांना तोंडघशी पाडलं आहे.

"कोणाच्या लक्षात आलंय?" प्रभावतीने विचारलं.

"अजून नाही."

"मग गप्प बसा ना! पोरीची नोकरी ठरली आहे."

"तेच तर. उद्या कोणी पकडलं की तिचीच डिग्री आधी जाईल. आणि आज मी बोललो, तर माझ्याबद्दल काय बोलतील ते तुला माहीत आहे."

प्रभावतीला माहीत होतं. एकोणीस वर्षं ती सरकारी ऑफिसात होती. दुसऱ्याची चूक ही नुसती चूक असते, आपली चूक झाली की आरक्षणाचा कोटा निघतो. तिने डबा भरून त्याच्या हातात दिला.

सेमिनार रूममध्ये रसिकाने फळ्यावर ठळक लिहिलं, 'गजभिये लेमा'. पुढच्या रांगेत बाहेरून आलेले परीक्षक हरीश माथुर बसले होते. गणितवाल्यांचा एक रिवाज आहे, बोलणाऱ्याला कोणीही मध्येच थांबवावं. वाल्मीकने आयुष्यात शंभरदा थांबवलं असेल. आज स्वतःच्याच लेमावर थांबवायचं होतं.

"और ये तो लेमा से क्लियर है," रसिका म्हणाली.

"रुको, रसिका." तो उठला. "क्लियर नहीं है. लेमा गलत है. गलती मेरी है."

त्याने फळ्यावर उदाहरण मांडलं. खडू दोनदा तुटला. "बारह साल किसी ने देखा नहीं?" माथुर हळूच म्हणाले. मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी हसलं. ज्या शब्दाला तो सकाळपासून भीत होता, तोच, 'कोटा', त्याच्या कानावर आला.

माथुरांनी चष्मा काढला. "छह महीने लीजिए. तीसरा चैप्टर फिर से."

रसिकाचे डोळे भरून आले. "सर, मला आधी सांगायचं ना."

"भीती वाटली गं," तो म्हणाला. दुसरं कारण नव्हतंच.

तिने डस्टर उचललं आणि लेमा ओळीओळीने पुसला. आडनावापाशी तिचा हात थांबला. 'गजभिये' तसंच ठेवून तिने पुढचा शब्द पुसला आणि तिथे लिहिलं, 'उदाहरण'. मग वही उघडून ते उतरवून घेतलं.

"सर," मागे न वळता ती म्हणाली, "तुम्ही पाच दुपदरी घेतलेत. चार चालतील का?"

मागची कुजबुज अजून चालूच होती. वाल्मीकने खाली पडलेला खडूचा तुकडा उचलला. चार धागे त्याने नीट काढले.